‘टु’ की ‘टुवर्ड्स’?

वाळव्याहून एका विद्यार्थिनीने विचारलंय: ‘आय अ‍ॅम अट्रॅक्टेड टुवर्ड्स हिम’ हे माझं वाक्य मैत्रिणीने खोडून ‘टु हिम’ केलं. बरोबर कोण? आणि ‘क्रश’ त्याच्यावर असतो, की तोच क्रश असतो?

मैत्रीण बरोबर. माणसाची ओढ, मग ती रूपाची असो की मनाची, इंग्रजीत ‘अट्रॅक्टेड टु’नेच सांगतात. ‘टुवर्ड्स’ येतं आपल्या मराठीतून. आपण कुणा‘कडे’ ओढले जातो, आणि ‘कडे’ म्हणजे ‘टुवर्ड्स’ हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. खिळा चुंबकाकडे सरकतो तिथे ते शोभतं. तिथे खरोखरच दिशा असते. ‘बाय’ही चालतं, पण ते कशाने भुललात ते सांगतं: आवाजाने, पगाराने.

याहून मोठी चूक म्हणजे ‘आय अट्रॅक्ट टु हिम’. हे क्रियापद सकर्मक आहे, त्यात कर्ता ओढणारा असतो. म्हणून ‘ही अट्रॅक्ट्स मी’. (इथे ‘ही’ म्हणजे तो आणि ‘मी’ म्हणजे मला, जपून वाचा.)

त्यातली ओढ अगदी शब्दशः आहे. लॅटिन ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणे. त्यातूनच ‘अट्रॅक्ट’ आला आणि उसाची ट्रॉली ओढणारा ‘ट्रॅक्टर’ही. आपल्याकडेही तोच प्रकार. संस्कृत ‘कृष्’ म्हणजे ओढणे, नांगरणे. त्यातून ‘आकर्षण’ही आलं, ‘कृषी’ही. किर्लोस्करवाडीला १९१०मध्ये लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला, तेव्हा या धातूचं चांगलंच चीज झालं म्हणायचं!

बोलताना मात्र ‘मी आकर्षित झाले’ म्हणू नका, विज्ञानाचं पुस्तक उघडल्यासारखं वाटतं. ‘तो मनात भरलाय’ म्हणा. ‘जीव जडलाय’ ही त्यापुढची पायरी. ‘अट्रॅक्टेड’ तिथवर पोचत नाही.

आता क्रश. आपल्या सांगली जिल्ह्यात ‘क्रशिंग’ म्हटलं की आधी साखर कारखान्याचा हंगाम आठवतो. मनाच्या बाबतीत मात्र ‘आय हॅव अ क्रश ऑन हिम’. इथे मराठी मदतीला येते: जीव कुणा‘वर’ जडतो, तसंच हे ‘ऑन’. ‘ही इज माय क्रश’ हेही बरोबर. ‘आय अ‍ॅम क्रशिंग ऑन हिम’ बोलण्यात चालतं, फक्त ‘ऑन’ विसरू नका. ते गळलं, की त्या पोराचं गाळपच झालं.