पुढची ओळ वाचलीत का?

मागच्या अंकात विचारलं होतं की तुमचं आवडतं वचन कुठलं, गंभीर चालेल, विनोदी चालेल, फक्त ते तुमच्या आयुष्यात कुठे कामाला आलं किंवा कुठे आडवं आलं तेही लिहा. पत्रं भरपूर आली. त्यातली गुलाबाचं फूल आणि वाफाळता चहा असलेली सुप्रभात छाप चित्रं आधी बाजूला काढली (काढता काढता दुपार झाली), आणि जे उरलं त्यातलं हे थोडंसं.

प्रश्न : हिंजवडीत आयटीत आहे. यंदा अप्रेझलच्या मीटिंगमध्ये इन्क्रिमेंटचा विषय काढला तर मॅनेजर हसून म्हणाला, "कर्मण्येवाधिकारस्ते, मा फलेषु कदाचन." गीता मला लहानपणापासून आवडते, आजी म्हणायची. आता हा श्लोक कानावर पडला की डोकंच फिरतं. काय करू? (वाकडहून एक वाचक)

डोकं फिरणारच हो, तुमचं काही चुकलेलं नाही. दुसऱ्या अध्यायातला 47वा श्लोक हा, आणि त्याला चार चरण आहेत. लोक दोन म्हणतात आणि थांबतात, कारण तिथे थांबणं सोयीचं असतं. पुढे आहे "मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि", म्हणजे नुसत्या फळासाठी म्हणून काम करू नकोस, पण काही न करण्याचीही गोडी लावून घेऊ नकोस. आणि हे ज्याला सांगितलंय तो अर्जुन धनुष्य खाली टाकून रथात बसलाय, मला लढायचंच नाही म्हणतोय. वर्षभर रात्री-अपरात्री कॉल घेऊन हक्काचे पैसे मागणाऱ्या माणसाला उद्देशून नाहीये ते.

माझं मत सांगते. हा श्लोक आपण आपल्याला म्हणायचा. फळ ज्याच्या हातात आहे त्याने तो दुसऱ्याला ऐकवणं म्हणजे पंगतीत वाढप्याने जिलबीचं ताट हातात धरून "उपास तब्येतीला बरा असतो" म्हणण्यातला प्रकार झाला. मला स्वतःला तो उपयोगी पडतो पेपर देऊन झाल्यावर आणि निकाल लागायच्या आधी, मग ती मुलीची दहावी असो की कुणाचा बायॉप्सीचा रिपोर्ट, जिथे आपल्या हातातलं सगळं करून झालंय आणि आता नुसतं मोबाईल उघडबंद करणं चाललंय. तिथे तो खरंच हात धरतो. मॅनेजरपुढे मात्र बाजारात तुमच्या अनुभवाला काय पगार चालू आहे तो आकडा कागदावर घेऊन जा. आणि श्लोक तुमचाच आहे, आजीचा आहे, एका मॅनेजरपायी सोडू नका.

प्रश्न : आमच्या ह्यांचं आवडतं वचन "ठेविले अनंते तैसेचि राहावे". बाथरूमच्या भिंतीला ओल आलीये, पोपडे पडतायत, प्लंबरला बोलवा म्हटलं की हे तुकोबांना पुढे करतात. रिटायर झाल्यापासून फारच. मी काय उत्तर देऊ? (सदाशिव पेठेतून एक काकू)

काकू, हसू आलं खरं, पण ह्या वचनाचे इतके हाल झालेत ना महाराष्ट्रात की विचारू नका. अर्धा अभंग प्रत्येकाला पाठ, "चित्ती असो द्यावे समाधान" इथपर्यंत, आणि लगेच चादर डोक्यावर. पुढची ओळ आहे "वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ". म्हणजे बोलणं उद्वेगाबद्दल चाललंय, मनात घेऊन हिंडायच्या त्या ओझ्याबद्दल. ओल काढू नका असं त्यात कुठेही नाही.

आणि हे लिहिणारा माणूस कोण होता ते बघा. देहू आपल्यापासून तासाभरावर. घरात महाजनकी, दुकान, सगळं नीट चाललेलं, आणि 1630च्या सुमाराला तो भयंकर दुष्काळ पडला त्यात सगळं गेलं. त्यांनीच लिहून ठेवलंय, "दुष्काळे आटिले द्रव्ये नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली". ही ओळ मी जितक्यांदा वाचते तितक्यांदा पुढे वाचवत नाही. बायको अन्न अन्न करत गेली आणि तो माणूस समाधानाबद्दल लिहितोय, तेव्हा ते समाधान आरामखुर्चीतलं नक्कीच नाहीये, फार महागात पडलेलं आहे. बरं, हातावर हात ठेवूनही बसले नाहीत. सावकारीची खतं होती त्यातली आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. लोकांकडून येणं होतं ते सोडून दिलं! हे काय "आहे तसं राहू दे" झालं का? आणि "असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे" हेही त्यांचंच, ते नाही कुणी भिंतीच्या ओलीवर म्हणून दाखवत.

माझ्यासाठी ह्या अभंगाचा अर्थ एवढाच की जे आपल्याने हलत नाही त्यावर रात्री दोन वाजता घरचे पंखे मोजत जागू नये. ओल हलते. काकांना हे सगळं वाचून दाखवा, आणि वाचून होईपर्यंत प्लंबरला फोन करून टाका, शिवाय वरच्या मजल्यावाल्यांच्या मोरीकडेही बघायला सांगा, ओल बहुतेक वेळा वरून उतरते आणि आपण खाली रंग मारत बसतो.

प्रश्न : ग्रुपवर रोज व्होल्टेअर, आइन्स्टाइन, चाणक्य यांच्या नावाने काहीतरी येतं. खरं कसं ओळखायचं? (औंध)

पुस्तकाचं नाव, प्रकरण, साल विचारायचं. पुढच्या ग्रुपवर ढकलणारा तिथेच गप्प होतो. "तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण ते मांडायच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण देईन" हे व्होल्टेअरचं म्हणून भाषणात हमखास येतं, ते प्रत्यक्षात एव्हलिन बिअॅट्रिस हॉल या बाईंनी 1906 साली त्याच्या मित्रमंडळींवरच्या पुस्तकात त्याची वृत्ती सांगताना लिहिलंय. वाक्य चांगलंच आहे, बाईंचं नाव घालून वापरा. चाणक्याच्या नावावर काय काय खपतं त्याबद्दल न बोललेलं बरं.

प्रश्न : ताई, सगळ्यांना शिकवताय, पण तुमचं स्वतःचं आवडतं कुठलं? एक तत्त्वज्ञानाचं, एक विनोदी. (फर्ग्युसनचा एक विद्यार्थी)

अरे, माझी दोन्ही कामं एकच वाक्य करतं. जॉन मेनार्ड केन्स, अर्थशास्त्रज्ञ, 1923 साली लिहून गेला की लाँग रनमध्ये आपण सगळेच मेलेले असतो. लोक हे खा-प्या-मजा करा अशा अर्थाने वापरतात, आणि इथेही तेच, पुढचं वाक्य कुणी वाचत नाही. पुढे तो म्हणतो की वादळाच्या दिवसांत अर्थशास्त्रज्ञांनी जर एवढंच सांगायचं असेल की वादळ सरून गेल्यावर समुद्र पुन्हा शांत होईल, तर त्यांनी स्वतःसाठी फारच सोपं आणि बिनउपयोगाचं काम निवडलंय.

हे मला नीट कळलं ते आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरी चादर लावून प्रोजेक्टर, बिल्डरचा माणूस झुळझुळीत शर्टात "लाँग टर्ममध्ये तुमचा फायदाच आहे" हे दर दुसऱ्या स्लाइडला म्हणतोय, आणि पुढच्या रांगेत बसलेल्यांचं वय बघितलं तर बहुतेक सगळे पंच्याहत्तरीच्या पुढचे. माझे वडील काठी टेकून उठले आणि म्हणाले, "लाँग टर्मचं राहू द्या, मधली भाड्याची वर्षं लिफ्ट असलेल्या घरात काढायला मिळणार की तीन जिने चढायचे, तेवढं सांगा." सगळे हसले. त्या माणसाकडे त्याची स्लाइड नव्हती. तेव्हापासून कुणी मोठ्या पल्ल्याचं बोलायला लागलं की मी मधल्या जिन्यांचं विचारते.

आणि निव्वळ हसायला म्हणशील तर दासबोध, दुसरा दशक, पहिलाच समास, मूर्खलक्षणं. "दोघे बोलत असती जेथे, तिसरा जाऊन बैसे तेथे, डोई खाजवी दोहीं हाते, तो येक मूर्ख". दोन्ही हातांनी! रामदासांनी असा माणूस नक्की कुठेतरी बघितला असणार, नाहीतर ते दोन हात सुचतच नाहीत. नवराबायकोच्या ओलीच्या भांडणात जाऊन बसणारी सदरलेखिका ह्यात अगदी फिट बसते ते मला माहितीये, लिहून कळवू नकोस. जमलं तर त्याच दशकातला दहावा समासही वाच, पढतमूर्खांचा, परीक्षेच्या आधी नको पण.

प्रश्न : सोसायटीच्या गेटसमोर लोक सर्रास गाड्या लावतात. विनंती झाली, हवा सोडायची धमकी झाली. वाचून लाज वाटेल असं एखादं संतवचन पाटीसाठी सुचवाल का? (कर्वेनगर)

संतांना पार्किंगमध्ये ओढू नका. पुण्यात माणूस पाटी वाचतो, दाद देतो, फोटो काढून ग्रुपवर टाकतो आणि हे सगळं करताना त्याची गाडी तुमच्याच गेटसमोर उभी असते. "गेट वापरात आहे, गाडी उचलली जाईल" एवढंच लिहा, मोठ्या अक्षरात, आणि खरंच उचलली जाईल अशी व्यवस्था ट्रॅफिकवाल्यांशी बोलून करा. लिहिताना ऱ्हस्वदीर्घ तेवढे तपासून घ्या, नाहीतर लोक गाडी लावून वर तुमची बेल वाजवायला येतील, शुद्धलेखन सांगायला.