वाचकांचे प्रश्न : तंबोऱ्यावरचे हस्तिदंत

प्रश्न : आजोबांच्या मिरजेच्या तंबोऱ्यावर पांढरी वेलबुट्टी आहे. तारांत ओवलेले मणके आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) हेही पांढरेच. घरात सगळे ‘हस्तिदंत’ म्हणतात. तापलेली सुई टोचून खात्री करावी का? पिवळेपणा कसा काढावा? तंबोरा विकता येईल का?

उत्तर : सुई मुळीच नको. वेलबुट्टी बहुधा सेल्युलॉइडची (एक जुने प्लास्टिक) असणार आणि सेल्युलॉइड भपकन पेट घेते. शिवाय खाली भोपळा आणि वाळलेले लाकूड! कोरड्या सुती कापडाने वेलबुट्टी जराशी चोळा आणि लगेच वास घ्या. कापरासारखा आला तर सेल्युलॉइड, कारण ते कापूर घालूनच बनवतात. (बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताऐवजी कशाचे करावेत, या खटाटोपातून ते १८७०च्या सुमारास अमेरिकेत पुढे आले.) भिंगातून सेल्युलॉइडच्या रेघा अगदी सरळ आणि एकसारख्या दिसतात. इतकी शिस्त दाताला नसते.

घोडीसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि खिडकीचा तिरपा उजेड पुरे. बारीक काळपट टिपके किंवा खाचा दिसल्या तर ते हाड. रक्तवाहिन्यांच्या नळ्यांत मळ बसलेला असतो. सांबरशिंगाचीही घोडी असू शकते. हस्तिदंतात अशा नळ्या नसतात. मणक्याची कापलेली, म्हणजे भोकाकडची बाजू पाहा. एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघांची जाळी असेल तर हस्तिदंतच. मात्र तुकडा लांबीत कापलेला असला तर जाळी न दिसता फिकट नागमोडी छटा दिसतात, आणि बरेच जण तिथेच फसतात.

पिवळेपणा राहू द्या. अंधारात ठेवलेले हस्तिदंत पिवळे पडतेच. लिंबू लावले तर आम्लाने दातातला क्षार विरघळतो आणि झिलई जाते. पाण्यात ठेवले तर ते फुगते, वाळताना तडकते. मऊ कोरडा ब्रश फिरवा. मळ हटत नसेल तर जेमतेम ओलसर कापसाने टिपून लगेच कोरडे करा. वाद्य उन्हात किंवा एसीच्या झोतात ठेवू नका.

विक्रीचे म्हणाल, तर हस्तिदंत निघाल्यास विसरा. भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ पासून, आफ्रिकी हस्तिदंताचा १९९१ पासून बंद आहे. मालकीचा दाखला असला तरी विकता येत नाही. वारसाने आलेली वस्तू ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावी लागते. महाराष्ट्रात त्यांचे कार्यालय नागपूरला आहे. मुदत उलटली असेल तर आधी वकिलाशी बोला. सांबरशिंगही कायद्यातून सुटत नाही, हे घोडीबाबत लक्षात ठेवा.

प्रश्न : हस्तिदंत फक्त हत्तीचेच असते का?

उत्तर : शब्दाने हत्तीचे, बाजारात तसे नाही. हत्तीचा सुळा म्हणजे वरच्या जबड्यातला पुढचा दात. आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही सुळे असतात, आपल्याकडे बहुतेक नरांनाच; बिनसुळ्याचा नर तो मखना. पाणघोडा आणि वॉलरस, नारव्हाल, स्पर्म व्हेल हे सागरी प्राणी, यांचे दातही कोरले जातात. पाणघोड्याचा दात जास्त कठीण आणि पिवळा कमी पडतो, म्हणून अठराव्या शतकात कवळ्या त्याच्या करत. सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून मॅमथचे (हत्तीच्या नामशेष झालेल्या भाऊबंदाचे) सुळे निघतात. ते ओळखायचे जाळीवरून : सुळ्याच्या बाहेरच्या कडेजवळ मॅमथच्या रेघांचा कोन ९० अंशांहून कमी, हत्तीच्या रेघांचा ११५हून जास्त भरतो.