ज्योतीचं तापमान: हाताचा आकडा की सॉफ्टवेअरचा?

प्रश्न: सर, मी फोंड्याचा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा प्रोजेक्ट फेणीच्या भट्टीत लाकडाऐवजी गॅस बर्नर लावायचा आहे. प्रोपेन आणि हवा धरून हाताने गणित केलं तर ज्योतीचं तापमान 2390 केल्विनच्या आसपास येतं, कँटेरा या रासायनिक गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये 2270 च्या जवळ. रिपोर्टमध्ये कुठला आकडा लिहू?

उत्तर: कँटेराचा लिहा, पण फरक का पडला ते नीट समजून घ्या, व्हायव्हात हमखास विचारतील. तुम्ही हाताने करताना धरलंत की जळून फक्त कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन उरतो. पण 2000 केल्विनच्या वर हे रेणू थोडे थोडे तुटायला लागतात, एक मोल कार्बन डायऑक्साइड मोनॉक्साइड आणि ऑक्सिजनमध्ये तुटायला साधारण 283 किलोज्यूल खातो आणि ती उष्णता ज्योतीतूनच जाते, म्हणून तापमान उतरतं. सॉफ्टवेअर एन्थाल्पी (म्हणजे वायूंमधली एकूण उष्णता-ऊर्जा, H) आणि दाब (P) कायम ठेवून रासायनिक समतोल शोधतं, म्हणजे वायूंचं असं मिश्रण आणि तापमान, की त्या तापमानाला गिब्ज ऊर्जा सगळ्यात कमी असते, कँटेरात त्यालाच ‘एचपी’ म्हणतात. खात्री करायची तर स्पीशीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने धरायच्या रेणूंच्या, यादीत प्रोपेन, ऑक्सिजन आणि ते तीनच वायू ठेवून परत चालवा, तुमचा 2390 परत येईल, मला तरी हा पडताळा फार आवडतो, रिपोर्टमध्ये घालाच.

आता यादीचं बघा. जीआरआय-मेक 3.0 ही ज्वलनाच्या रिअॅक्शनची तयार फाइल वापरत असाल तर त्यात 53 स्पीशीज आहेत, प्रोपेन आहे पण ब्युटेन नाही, आणि आपल्या सिलिंडरमध्ये दोन्ही असतात, तर ब्युटेनचा थर्मो डेटा (तापमानानुसार ऊर्जेचे आकडे) वेगळा घालावा लागेल. नासाच्या सीईए या अशाच सॉफ्टवेअरमध्ये ब्युटेन आयताच मिळतो. हवा कोरडी धरू नका, पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या हवेत मोलच्या हिशेबात 3-4 टक्के वाफ सहज असते, त्याने आकडा अजून खाली येतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे तापमान म्हणजे उष्णता कुठेच न गेल्यास मिळणारी वरची मर्यादा, थर्मोकपल (तापमान मोजायची तार) कितीतरी कमी दाखवेल. सॉफ्टवेअरने दिलेला कार्बन मोनॉक्साइडचा आकडा तर भट्टीला लावूच नका, ज्योत थंड भाणाला (फेणी उकळायच्या भांड्याला) आपटली की रिअॅक्शन अर्धवट थांबते आणि समतोलापर्यंत पोचतच नाही, तो धुराड्यात मीटर लावूनच मोजा, आणि पहिली टेस्ट उघड्यावर घ्या, बंद शेडमध्ये नको.