मी गे आहे हे टीमला सांगावं का? सांगितलं की करिअर संपतं का?

तू लिहिलंयस की वय 20, टीममध्ये जागा पक्की, कोणालाच काही माहीत नाही, आणि ड्रेसिंग रूममधले जोक ऐकून हल्ली प्रॅक्टिसला जायचीच इच्छा होत नाही, तर एकदाचं सांगून टाकू का. अरे-तुरे करतोय, वयाने बराच मोठा आहे मी, राग मानू नकोस.

मी व्हॉलीबॉल खेळायचो, सेटर होतो, म्हणजे बाकीच्यांना मारायला बॉल उचलून देणारा. अकरा वर्षं खेळलो, त्यातली सात कोणाला काही न सांगता आणि शेवटची चार सगळ्यांना माहीत असताना. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार माहितीये.

आधी न सांगण्याबद्दल बोलतो, कारण लोकांना वाटतं गप्प बसणं फुकटात पडतं. नाही पडत. मॅचनंतर सगळे आपापल्या गर्लफ्रेंडचे विषय काढायचे म्हणून मी पण एक तयार ठेवली होती, लांबच्या शहरात राहणारी, मग तिचं नाव काय, ती शिकते काय, आमचं भांडण कधी झालं हे सगळं लक्षात ठेवा, एकदा तर तिचा वाढदिवस मी दोन वेगवेगळ्या महिन्यांत सांगितला आणि आमच्या लिबेरोने (मागे राहून फक्त डिफेन्स करणारा खेळाडू) बरोब्बर पकडला. हसण्यावारी नेलं पण त्या रात्री डोळ्याला डोळा नाही लागला. सेटरचं अर्धं काम डोक्याचं असतं, समोरचा ब्लॉक कुठे उभाय, आपला कोण दमलाय, आता बॉल कोणाला द्यायचा, आणि त्याच डोक्याचा एक कोपरा कायम ह्या पहाऱ्यावर बसलेला. आणि हो, 'बायल्यासारखा काय मारतोस' हे मी स्वतः पण बोललोय, मोठ्याने, सगळ्यांच्यात मिसळायला. त्याची लाज अजून जात नाही. सांगायचं कारण एवढंच की तुझ्या ड्रेसिंग रूममध्ये दात काढणाऱ्यातले सगळेच तसे नसतात, काही सवयीने हसतात, काही घाबरून. कोण कुठला हे ओळखायला थोडा वेळ घे. बाकीचे हसत असताना जो बुटाची लेस बांधत बसतो ना, तो शोध.

करिअर संपतं का? हे खेळावर फार अवलंबून आहे आणि लोक इथेच सगळ्यांना एकाच तराजूत टाकतात. टेनिसवाल्या मार्टिना नवरातिलोवाचं 1981 मध्ये जगजाहीर झालं, जाहिराती गेल्या, पण तिच्या 18 ग्रँड स्लॅम सिंगल्सपैकी 16 त्यानंतरच्या आहेत. आपल्या धावपटू द्युती चंदने 2019 च्या मे महिन्यात जाहीर केलं, घरातून विरोध, गावातून विरोध, आणि जुलैमध्ये नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत 100 मीटरचं गोल्ड, 11.32 सेकंद. तिचं सिलेक्शन घड्याळ करतं. आपलं माणूस करतो. हा फरक लहान नाहीये. फुटबॉलमध्ये बघ, जस्टिन फॅशानू 1990 मध्ये बोलला, आणि इंग्लंडमध्ये त्याच्यानंतर पुरुषांच्या प्रोफेशनल फुटबॉलमध्ये खेळत असताना उघड बोलणारा पुढचा, जेक डॅनियल्स, आला 2022 मध्ये. पोरगं 17 वर्षांचं. मधली 32 वर्षं तिथे कोणी गे नव्हतंच असं थोडंच आहे.

आता माझं. मी आधी फक्त कॅप्टनला सांगितलं, एका टूरवर, रात्री, रूममध्ये दोघेच जागे होतो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बरं. सकाळी सर्व्हिसची प्रॅक्टिस आहे, झोप आता." मला तेव्हा रागच आला, एवढी मोठी गोष्ट सांगतोय आणि हा झोप म्हणतोय. आता वाटतं ह्यापेक्षा बरं उत्तर मला तरी कुठे सुचलं असतं.

महिन्याभरात सगळ्यांना कळलं, कसं ते विचारू नकोस. शिव्या येतील ह्याची तयारी होती, दोन-चार प्रेक्षकांतून आल्याही, त्याचं काही वाटलं नाही. लागलं वेगळंच. व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक पॉइंटनंतर, जिंकला असो वा गेलेला, सहाही जण मध्ये येऊन एकमेकांना टाळी देतात. एका सेटमध्ये चाळीसेक वेळा तरी. आमच्या एका मिडल ब्लॉकरने (नेटवर मधोमध खेळणारा) मला टाळी देणं बंद केलं. तोंडातून एक शब्द नाही, फक्त बाकीच्या चौघांना टाळी आणि माझ्यापाशी आला की हात शॉर्ट्सला पुसायला खाली. दर पॉइंटला. आणि गंमत बघ, क्विक, म्हणजे नेटजवळचा झटपट स्मॅश, मारायचा तर मिडलला बॉल माझ्या हातात येतो न येतो तोवर उडी मारावी लागते, मी बॉल तिथेच देणार ह्या भरवशावर. तो भरवसा त्याने एकदाही सोडला नाही. दर वेळी उडी मारायचा, मी द्यायचो, तो मारायचा, पॉइंट झाला की हात शॉर्ट्सला. पुढे पुढे त्याचा स्वतःचा पॉइंट असला तर अर्धवट टाळी द्यायला लागला. मी डायरेक्ट सर्व्हिस पॉइंट काढला तर मात्र नाही!

कोच म्हणाले "वैयक्तिक गोष्टी कोर्टच्या बाहेर ठेव" आणि पुढच्या दोन स्पर्धा मी बेंचवर. कारण दिलं फॉर्म. आता फॉर्म खरंच जरा गेला होता, त्यामुळे आजही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही की ते त्याचमुळे होतं. हेच सगळ्यात वाईट, कशावर बोट ठेवता येत नाही. म्हणून तुला सांगतो, आजपासून स्वतःचे आकडे लिहून ठेव, फिटनेस टेस्ट, मॅचमधले नंबर, तारखेसकट. पुढे कोणाशी बोलायची वेळ आली तर हातात काहीतरी असलेलं बरं. कोणी मेसेजवर घाण लिहिलं तर डिलीट करू नकोस, ठेव.

तर सांगावं का? सगळ्यांना एकदम, मीटिंग घेऊन वगैरे, माझ्या मते नको. एकाला सांग. रग्बीवाला गॅरेथ थॉमस 2009 मध्ये जगासमोर बोलला, पण 2006 पासून कोचला आणि टीममधल्या दोघांना माहीत होतं, म्हणजे तीन वर्षं तो एकटा नव्हता. सिलेक्शनच्या किंवा कॉन्ट्रॅक्टच्या तोंडावर सांगू नकोस. आणि राहण्या-खाण्याची, फीची सोय टीममधल्या किंवा घरातल्या अशा माणसाच्या हातात असेल की जो हे कळल्यावर ती काढून घेईल, तर आधी ती दुसरीकडे कर, मग बोल. ह्याला भित्रेपणा म्हणणारे भेटतील, त्यांना म्हणावं तुम्ही भरता का फी. खेळाशी संबंध नसलेला एक तरी मित्र हवाच, ज्याच्याकडे जाऊन खेळाला शिव्या घालता येतील.

आणि एक वाक्य ठरवून ठेव, कोणी तोंडावर विचारलंच तर काय म्हणायचं ते. "ह्यावर मला बोलायचं नाही" हे पण चालतं. मी ठरवलं नव्हतं, लिबेरोने सगळ्यांसमोर विचारलं आणि माझ्या तोंडून "नाही रे, काहीतरीच काय" निघून गेलं. मग दोन दिवसांनी त्याच्याकडे जाऊन "हो" म्हणावं लागलं, आणि ते कॅप्टनला सांगण्यापेक्षा कितीतरी जड गेलं.