पहिल्यांदा कॉमिक्स-अ‍ॅनिमेच्या (जपानी कार्टूनच्या) कार्यक्रमाला मदत करणाऱ्यांसाठी

भावा, आधी बूट जुने घाल, नवे घातलेस तर शनिवारी दुपारीच पाय सुजतील आणि रविवार आख्खा उभ्यानेच काढायचाय. डब्यात कडक भाकरी अन् शेंगाचटणी टाक, जेवायला कधी सुट्टी मिळेल नेम नाही आणि ते खराब होत नाही. खरं काम कॉस्प्लेवाल्या, म्हणजे कॉमिक्स-अ‍ॅनिमेतल्या पात्रांचा वेश करून आलेल्या पोरांजवळ असतं. आपल्या सोलापूरच्या उन्हात विग अन् फोमचं चिलखत घालून ती तासन्‌तास उभी राहतात, पाणी मागत नाहीत, तूच जाऊन विचार. खिशात सेफ्टी पिना, सुई-दोरा, फेव्हिक्विक ठेव, उन्हाने फोमचा जोड सुटतोच, अन् ज्या पोरीने महिनाभर बसून तो ड्रेस शिवलाय तिचं तोंड तेव्हा बघवत नाही रे. फोटो काढायच्या आधी विचारायचं, हात तर लावायचाच नाही, कोणी लावताना दिसलं तर लगेच मध्ये पड, लाजू नको. स्टॉलवर चित्र विकणारे एकटेच आलेले असतात, त्यांना दहा मिनिटं जेवायला सोड, तोवर तू बस. आईवडील विचारतील पुस्तक उलटं छापलंय का, सांग मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, ते उजवीकडून डावीकडे वाचतात, पहिली दोन पानं सोबत वाचून दाखव. सुट्टे पैसे पण ठेव, गर्दीत नेट गेलं की यूपीआय अडकतं.