साहित्याच्या अभ्यासात पोथ्या आणि पाठभेद यांना आता काही अर्थ उरला आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, मराठीत एम.ए. करताना प्रबंधिकेचा विषय निवडायचा आहे. विभागातले प्राध्यापक सांगतात की हस्तलिखिते, पाठभेद, संपादन हे सारे मागच्या पिढीचे झाले, आता संस्कृती-अभ्यासाकडे वळा. तर काय करावे?

पाठचिकित्सा, म्हणजे एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या प्रतींतले शब्दांचे फरक (पाठभेद) ताडून मूळ पाठ ठरवणे, कालबाह्य झाली असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती कधी केलेली नसते, एवढे आधी सांगून टाकते. संस्कृती-अभ्यासाशी माझे भांडण नाही. संहिता पक्की न करता तिच्यावर सिद्धांताचे इमले चढवण्याशी आहे, आणि हा प्रकार आपल्या विद्यापीठांतून राजरोस चालतो.

एका जुन्या घराण्याकडच्या पोथ्यांची सूची करण्याचे काम मी काही काळ करत होते. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे, वर-खाली लाकडी फळ्या, हातकागदाची सुटी पाने, समासात कुणीतरी नंतर भरलेल्या ओळी, चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप. एका पोथीच्या शेवटी नकलाकाराने तो सर्वपरिचित श्लोक लिहिला होता: पाठ, कंबर आणि मान मोडून, मूठ आवळून, खाली मान घालून हा ग्रंथ कष्टाने लिहिला आहे, तरी तो जपावा. अशा पोथ्यांत शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नसते. चरण संपला की दंड, म्हणजे उभी रेघ, येतो, तोवर अक्षरे एका रांगेत सलग चालतात. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

त्याच सुमारास एका चर्चासत्राला गेले होते. वक्ते ज्येष्ठ, पाश्चात्त्य सिद्धांतग्रंथ तोंडपाठ, आणि विषय होता एका संत कवयित्रीच्या नावावर असलेल्या अभंगातली बंडखोरी. अभंग कोणता ते सांगत नाही, कारण त्यावरून माणूस लगेच ओळखू येईल. त्यांच्या पाऊण तासाच्या मांडणीची सारी मदार एका चरणातल्या 'करी न' या दोन शब्दांवर होती: ती करीत नाही, म्हणजे नाकारते, म्हणजे पितृसत्तेला थेट आव्हान देते. योगायोगाने तोच अभंग मी पोथीत नुकताच वाचला होता. तिथे 'क', 'री' आणि 'न' ही अक्षरे बाकीच्या ओळीसारखीच सलग होती. तोडली तर नकार, जोडली तर 'करीन' हा निश्चय. अलीकडच्या-पलीकडच्या चरणांत क्रियापदे प्रथमपुरुषी होती, म्हणून मला जोडलेले वाचन अधिक सयुक्तिक वाटत होते. सरांनी ज्या दोन शब्दांवर सिद्धांत उभा केला होता, ते दोन शब्द बहुधा एखाद्या छापखान्यात निर्माण झाले होते.

प्रश्नोत्तरांच्या वेळी उठून मी इतकेच विचारले की, आपण आवृत्ती कोणती वापरली? त्यावर उत्तर आले, "बाई, ते कारकुनी काम झाले. आपण इथे अर्थाबद्दल बोलत आहोत." सभागृह हसले, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

ते कारकुनी काम आपल्याकडे कुणी केले आहे, हे सरांना ठाऊक नसेल असे नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ मुळात शुद्धच आहे, पाठांतरांत तो बिघडला, असे स्पष्ट सांगून त्यांनी पाठ निश्चित केला आणि यापुढे जो यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे, अशी तंबीही दिली. एकनाथांहून मोठा अर्थ लावणारा मराठीत कोण झाला ते सरांनी सांगावे. त्याच हातांनी भारुडे लिहिली आणि त्याच हातांनी प्रत शोधली.

तुकारामांचे उदाहरण तर रोजच्या वापरातले आहे. सरकारी गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. तुकारामांचे अभंग उतरवून घेणारे संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी छापलेल्या गाथेत सुमारे तेराशे. या दोन आकड्यांमधल्या अंतरात कीर्तनकार, वारकरी फड, नकलाकार आणि प्रकाशक अशा किती जणांचे हात आहेत, याचा विचार न करता 'तुकारामांची स्त्रीविषयक दृष्टी' असा प्रबंध लिहिणे म्हणजे कुणाची दृष्टी शोधत आहोत हेच ठाऊक नसणे.

इथेच मी संपादकांच्या बाजूनेही पूर्णपणे उभी नाही. जुन्या संपादकांची दृष्टी अशी की मूळ पाठ तेवढा सोने, बाकी प्रक्षेप, म्हणजे नंतर घुसलेला मजकूर, हा केर. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये मुख्य संहिता पूर्ण झाली. वि. स. सुकथनकरांनी संपादलेल्या आदिपर्वात, व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो ही सर्वांना पाठ असलेली कथा मूळ संहितेत नाही, ती परिशिष्टात आहे. पाठचिकित्सेच्या दृष्टीने निर्णय योग्य आहे. पण संस्कृतीच्या अभ्यासकाने खरे तर त्या परिशिष्टापासूनच सुरुवात करायला हवी. कोणत्या प्रदेशातल्या प्रतींत ही कथा शिरली, कोणत्या प्रतींना तिची गरज भासली नाही, मौखिक परंपरेतल्या ग्रंथाला लेखनिक का हवासा वाटला? हे प्रश्न विचारायचे तर पृष्ठाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली पाठभेदांची रांग वाचता आली पाहिजे. ती रांग म्हणजे शेकडो वाचकांनी ग्रंथाशी घातलेल्या वादांची नोंदवही आहे, आणि संस्कृती-अभ्यासाला तिच्याहून चांगले साधन मला तरी सापडलेले नाही.

संस्कृती-अभ्यास जिथे आकाराला आला त्या बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या केंद्राचे नाव घेऊन कुणी आपल्याला गप्प करू पाहील, तर त्यांना आठवण करून द्यावी की रिचर्ड हॉगार्ट यांनी १९६४ मध्ये ते केंद्र इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक म्हणून काढले, आणि त्यांच्यानंतर केंद्राची धुरा सांभाळणारे स्टुअर्ट हॉल ऑक्सफर्डला हेन्री जेम्सवर प्रबंध लिहायला बसले होते. ही माणसे ओळीवर बोट ठेवून वाचण्याच्या तालमीत तयार झाली होती. हॉगार्ट यांनी कामगारवस्तीतली स्वस्त मासिके आणि गाणी त्याच बारकाईने वाचली, म्हणून त्यांच्या म्हणण्याला वजन आले. आपल्याकडे त्यांचे निष्कर्ष आयात झाले, तालीम बंदरावरच राहिली.

आता आपल्या निवडीबद्दल. विषय लहान घ्यावा: एखादे भारूड, एखादी आरती किंवा एका संताचे एकाच प्रसंगावरचे मोजके अभंग. त्यांच्या दोन-तीन हस्तलिखित प्रती आणि जुन्यात जुनी छापील आवृत्ती मिळवावी, पाठभेद मांडावेत, आणि मग त्या भेदांतून जात, लिंगभाव, पंथ यांबद्दल जे सिद्ध करता येईल ते करावे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, आणि तंजावरच्या सरस्वती महालातही मराठी हस्तलिखिते आहेत. लीळाचरित्राच्या, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथाच्या, वाटेला जाणार असाल तर त्या पंथाची सकळ ही सांकेतिक लिपी आधी शिकावी लागेल. तेराव्या शतकातले खाणे-पिणे, प्रवास, स्त्रियांचे बोलणे यांचा इतका ऐवज दुसरीकडे मिळणार नाही.

काही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. जात्यावरच्या ओव्या, गोंधळ किंवा वासुदेवाची गाणी यांना ही पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण तिथे मूळ प्रत नावाची वस्तूच नसते आणि प्रत्येक गायन हे स्वतंत्र असते. चित्रपट किंवा जाहिरातींवर काम करायचे असेल तर माझा सल्ला फारसा उपयोगाचा नाही. आणि नोकरीच्या बाजारात पोथ्या वाचणाऱ्याला विशेष मागणी आहे असे सांगून आपल्याला फसवणार नाही. निवड समितीवर माझ्यापेक्षा त्या सरांसारखी माणसे अधिक असतात.

त्यांचा तो निबंध पुढे एका संपादित ग्रंथात छापून आला आणि विद्यार्थी अजूनही त्याचा हवाला देतात. आपल्यालाही द्यावा लागला, तर त्यातल्या अभंगाखाली आवृत्तीचे नाव आणि पृष्ठांक दिला आहे का, ते पाहावे. दिलेला नाही, मी पाहिले आहे.