लातूरहून जर्मनीत नोकरीला जाण्याआधी काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव औसा तालुक्यात, शिक्षण इंजिनीअरिंगचं, सध्या वाळूजच्या कारखान्यात मेंटेनन्सला. स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत नोकरी लागली आहे, ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या वास्तव्य परवान्यावर) ऑक्टोबरात जायचंय, बायको चार-सहा महिन्यांनी येणार. बॅगेत काय भरू, आणि तिथल्या राहणीची व कामाची तयारी कशी करू?

मी परभणीचा, स्टुटगार्टच्याच भागात काही वर्षं नोकरी करतोय. बॅगेचं शेवटी सांगतो, ते काम दोन दिवसांचं आहे. जर्मनीतल्या बहुतेक गोष्टींचे नियम ठरलेले असतात, तिथं गेल्यावर कुणीही सांगतं. खरा ताप होतो तो गावाकडं अर्धवट सोडून आलेल्या कामांचा, कारण दुय्यम निबंधक कार्यालयातलं किंवा तलाठ्याकडचं काम स्टुटगार्टहून फोनवर होत नाही. म्हणून हातात उरलेले महिने आधी घरच्या कागदांना द्या.

सातबारा सामाईक आहे का, त्यावर तुमचं नाव आहे का, हे आजच बघा. असेल तर पीक कर्जाचं नवं-जुनं करताना, मोजणीला, फेरफाराला, विम्याच्या भानगडीत कुठं ना कुठं तुमची सही लागणार. भावाच्या किंवा वडिलांच्या नावानं मुखत्यारपत्र करा आणि ते नोंदणीकृत करा. पण सरसकट कुलमुखत्यारपत्र नको. पीक कर्ज, विमा, मोजणी, विजेचं कनेक्शन अशी कामं नावानिशी लिहा आणि विक्रीचा अधिकार देऊ नका. भावावर विश्वास नाही म्हणून नव्हे. कागदात मर्यादा लिहिलेली असली की उद्या तिसरा माणूस भावाला गळ घालू शकत नाही. परदेशात गेल्यावरही मुखत्यारपत्र करता येतं, पण त्यासाठी भारतीय वकिलातीत जाऊन साक्षांकन करायचं, कागद टपालानं गावी पाठवायचा आणि तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं. एवढ्यासाठी एक रजा आणि दोन आठवड्यांची झोप जाते. घरात वाटणीचा विषय निघालेला असेल तर निघण्याआधी समोरासमोर बसा. व्हिडिओ कॉलवर वाटणी होत नाही, भांडण होतं.

आपल्याकडं माणूस बाहेर गेला की दुसऱ्या वर्षी शेजारच्या रानावर घरच्यांची नजर जाते. हे घरी आत्ताच सांगून ठेवा: नोकरीसाठी देश सोडलात की परकीय चलन कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही अनिवासी, आणि अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. आधीपासून नावावर असलेली जमीन राहते, वारसानं आलेलीही ठेवता येते. लातुरात फ्लॅट किंवा बिगरशेती प्लॉट घ्यायला अडचण नाही. वडिलांनी त्यांच्या पैशातून त्यांच्या नावावर रान घेणं वेगळं. पण पैसे तुमचे, नाव भलत्याचं, पुढं बघू, असला व्यवहार कुणी सुचवला तर वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

बँकेचंही तसंच. साधं बचत खातं तसंच चालू ठेवून बाहेर राहणारे पुष्कळ आहेत. नियमानं ते एनआरओ, म्हणजे भारतातल्या कमाईसाठीचं अनिवासी खातं, करून घ्यावं लागतं. तिकडून पैसे पाठवायला एनआरई खातं वेगळं काढा, त्यावरच्या व्याजाला भारतात कर नाही. जर्मनीत मात्र तुम्ही तिथले रहिवासी झालात की भारतातलं व्याजही तिथल्या विवरणपत्रात दाखवायचं असतं, हे पहिल्या वर्षी कुणी सांगत नाही. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो, नवा काढता येत नाही. वाळूजच्या कंपनीतून निघताना पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख पडली का, केवायसी पूर्ण आहे का, हे एचआरच्या टेबलाजवळ उभं राहून तपासा. मोबाइल नंबर अजिबात बंद पडू देऊ नका. बँक, आधार, पॅन, सगळ्यांचा ओटीपी त्याच्यावर येतो. रोमिंग सुरू करून घ्या आणि रिचार्जची तारीख लक्षात राहणाऱ्या माणसाकडं सोपवा. आमच्या घरी ते काम धाकट्या बहिणीकडं आहे, म्हणून ते होतं.

आता बायकोच्या कागदांचं. लग्नाची नोंदणी झालीय का? पत्रिका, फोटो, मंगल कार्यालयाची पावती, यातलं काही चालत नाही. ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून विवाह नोंदणीचा दाखला काढा, आणि त्यावरची नावं दोघांच्या पासपोर्टशी अक्षरा-अक्षरानं जुळतात का पाहा. आपल्याकडं शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं स्पेलिंग असतं. तिथला कारकून त्यातून तीन माणसं तयार करतो. गावांच्या नावांचाही घोळ होतो. तुमच्या पदवीवर औरंगाबाद असणार आणि नव्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर, धाराशिवकरांचंही तेच. २०२३च्या नामांतराच्या राजपत्राची प्रत फाइलमध्ये ठेवा, समजावून सांगण्यात अर्धा तास जात नाही. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नाही आणि तिला तिथं नोकरीही करता येते. पण अट नाही म्हणून ती भाषा न शिकता आली तर चार भिंतींत अडकेल.

आई-वडिलांचं वय सत्तरच्या पुढं असेल तर आयुष्मानचं वयवंदना कार्ड काढून द्या, पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. सत्तरच्या आत असतील तर आरोग्य विमा आत्ताच घ्या. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणजे घड्याळ जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं.

एवढं झालं की मग जर्मनी.

पोचल्यावर पहिलं काम घराचा पत्ता नोंदवण्याचं. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायचं असतं आणि घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. घर शोधताना आधीच विचारा, हे पत्र मिळेल ना? नाही म्हणाला तर दुसरं घर बघा. नोंदणी झाली की करक्रमांक टपालानं येतो. टपालपेटीवर तुमचं आडनाव लावलेलं नसेल तर टपालवाला पत्र परत नेतो. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण करक्रमांक नसला की कंपनीला सगळ्यात चढ्या दरानं कर कापावा लागतो. पुढं तो परत मिळतो, पण पहिला पगार बघून पोटात गोळा येतो. तसाही करारावरचा आकडा आणि हातातला आकडा यांत फार अंतर असतं. एकट्या माणसाला ढोबळ मानानं शंभरातले साठ-पासष्ट मिळतात. बायको येऊन तिची नोंदणी झाली की करवर्ग (लग्न झालंय की नाही यावर ठरणारा कर कापण्याचा गट) बदलून घ्या. कमाई एकाचीच असेल तर फरक चांगला जाणवतो, आणि सरकारी आरोग्य विम्यात ती तुमच्यासोबत जादा हप्ता न भरता बसते.

पगार महिनाअखेरीस होतो. शिवाय घराची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते. कायद्यानं ती तीन हप्त्यांत देता येते, मागायला लाजू नका. जाहिरातीतल्या भाड्यात हीटिंग आणि बाकीचे खर्च धरलेत की नाही ते विचारा. बऱ्याच घरांत स्वयंपाकघर म्हणजे नुसती नळाची तोटी असते. ओटा, शेगडी, कपाटं मागचा भाडेकरू उचकटून नेतो. आपल्या माणसाला याचा धक्का बसतोच. हे सगळं धरून निदान दोन-तीन महिन्यांचा खर्च जवळ ठेवा. टीव्ही-रेडिओची वर्गणी दर घरामागं महिना १८.३६ युरो, टीव्ही असो-नसो भरायची. त्याचं पत्र आलं की फसवणूक समजून फाडू नका. आणि दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा जबाबदारी विमा पहिल्याच महिन्यात घ्या, स्वस्त असतो. इमारतीची सामाईक किल्ली हरवली तर सगळी कुलपं बदलायचा खर्च मागतात.

कामावर तुम्हाला मशीन नवं वाटणार नाही. नवं वाटेल ते ‘हो’ म्हणणं. आपल्याकडं साहेबानं विचारलं, गुरुवारपर्यंत होईल का, तर आपण म्हणतो, होऊन जाईल. तिथं हा शब्द धरून गुरुवारी दुपारी पुढचा माणूस तुमच्या मशीनजवळ येऊन उभा राहतो. होणार नसेल तर सोमवारीच सांगा, कारणासकट. कुणी रागावत नाही. शेवटच्या दिवशी सांगितलंत तर मात्र माणूस कायमचा मनातून उतरतो. तसंच मीटिंगमध्ये तुमची सूचना सगळ्यांसमोर ‘हे चुकीचं आहे’ म्हणून उडवली जाईल आणि तोच माणूस दहा मिनिटांनी तुम्हाला कॉफी देईल. तो अपमान नव्हता. मला हे पटायला बराच काळ गेला आणि अजूनही पूर्ण आवडलेलं नाही, खरं सांगतो.

ब्रेकडाउन झालं म्हणून दुसरी शिफ्ट उभ्यानं काढली, हे वाळूजला कौतुकाचं. जर्मनीत कायद्यानं दिवसाला दहा तासांच्या वर काम नाही आणि दोन शिफ्टमध्ये अकरा तासांची विश्रांती हवी. तुम्ही जास्त थांबलात तर तुमचा सुपरवायझर अडचणीत येतो. काम नीट लिहून पुढच्या शिफ्टला द्या आणि घरी जा. लिहिणं इथं कामाचा निम्मा भाग आहे: कोणता पार्ट बदलला, का, किती वाजता. आजारी पडलात तर शिफ्टच्या आधी कळवा. रजा आपल्या खात्यातून जात नाही. नोकरीचे पहिले चार आठवडे झाले की सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगारही मिळतो. सहसा चौथ्या दिवसापासून डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, काही कंपन्या पहिल्या दिवसापासून मागतात. परीक्षण काळ बहुधा सहा महिन्यांचा असतो, त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेवर कुणीही कुणाला सोडू शकतं. त्या सहा महिन्यांत कार आणि मोठा फर्निचर सेट घेऊ नका. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदललीत तर परकीय नागरिक कार्यालयाला कळवणं बंधनकारक आहे.

भाषेबद्दल मात्र मी कडक बोलणार. मुलाखत इंग्रजीत झाली म्हणून काम इंग्रजीत होईल असं धरू नका. ऑफिसात होईल. मशीनजवळ ऑपरेटर जर्मन बोलतो, तेही श्वाबियन, म्हणजे त्या भागातल्या बोलीच्या वळणाचं, जे शिकून गेलेल्यालाही पहिल्या महिन्यात कळत नाही. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाचे ऑनलाइन वर्ग आहेत. नोकरी सांभाळून ऑक्टोबरपर्यंत निदान पहिली पातळी होते. जोडीला बेअरिंग, पट्टा, गळती, फ्यूज, सेन्सर असे शंभरेक शब्द स्वतः पाठ करा, ते क्लासात शिकवत नाहीत. भाषेची बी१ ही मधली पातळी झाली तर ब्लू कार्डवाल्याला २७ ऐवजी २१ महिन्यांत कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

गावी फोन कधी करायचा हेही ठरवून ठेवा. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. तुम्ही पाच वाजता सुटाल तेव्हा औशात साडेनऊ झालेले, आई झोपलेली. शनिवार-रविवारची सकाळ बरी. रविवारी तिथं दुकानं बंद असतात, डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, तेव्हा तुम्हालाच त्या फोनची जास्त गरज असेल. रजा जानेवारीतच वर्षभराच्या मांडायला लावतात. अनेक कारखाने नाताळ ते नववर्ष बंद असतात. येळवस (वेळा अमावस्या) त्याच्या आगेमागेच येते, जोडून रजा घेता येते. तिकीट मात्र तेव्हा महाग.

बॅग. तूप, पेढे, खवा नेऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे. ताजी फळं आणि कढीपत्ताही नको. काळं तिखट, येसर, शेंगदाण्याची चटणी घट्ट पॅक करून न्या. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, पण बहुतेक वेळा जुनं असतं आणि भाकरी तुटते. पाच किलो न्यायला हरकत नाही. शेगडी विजेची असते, जाळ नाही, त्यामुळं भाकरी तव्यावरच कापडानं दाबून शेकायची सवय करा. कुकर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा घ्या. फोडणी देताना खिडकी उघडा, छताला धूर लागला की वाजणारा भोंगा असतो. जाडं जॅकेट संभाजीनगरात घेऊ नका, तिथलंच घ्या. दातांची कामं उरकून जा, चष्म्याचा दुसरा जोड करा. नेहमीची औषधं तीन महिन्यांची नेता येतात, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

गाडी चालवायची असेल तर भारतीय लायसन्स तिथं राहायला गेल्यापासून सहा महिने चालतं, सोबत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो लातूरच्या आरटीओतून मिळतो. पुढं लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. बायकोचा आंतरराष्ट्रीय परवाना तुमच्यासोबतच काढायची घाई करू नका, त्याची मुदत वर्षाचीच असते. ती निघायच्या महिन्यात काढा.